साचलेले आणि साठवलेले

रोगांची नावे हा भाषेच्या अभ्यासकांनी काहीसा उपेक्षिलेला प्रांत आहे, असे आम्हाला नेहमी वाटत आले आहे. म्हणींवर लिहिले जाते, शिव्यांवर लिहिले जाते, ग्रामनामांवर तर प्रबंध होतात. पण माणूस ज्या शब्दाने आपल्या दुखण्याला हाक मारतो, त्या शब्दाकडे आपण सहसा वळत नाही. वास्तविक 'हिवताप' हा शब्द घ्या. आधी हीव भरते आणि मग ताप चढतो, हा रोगाचा क्रमच त्या समासात आला आहे. 'हत्तीरोग' म्हणताना सुजलेला पाय डोळ्यांसमोर येतो. याउलट 'मलेरिया' हा शब्द मूळ इटालियन, अर्थ 'वाईट हवा'. हा रोग दलदलीवरच्या दूषित वाऱ्याने होतो अशी समजूत होती, आणि ती नावात गोठून राहिली. रोनाल्ड रॉस या अल्मोड्यात जन्मलेल्या डॉक्टरने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी पाहिले, तेव्हा ती हवा निर्दोष सुटली. नाव मात्र तसेच राहिले. आमच्या अडाणी समजल्या गेलेल्या पूर्वजांनी कारणाविषयी काहीच दावा न करता केवळ लक्षण सांगितले, म्हणून त्यांचा शब्द आजही खोटा पडलेला नाही. ही गोष्ट वर्गात सांगताना आम्हाला थोडा अभिमान वाटतो, हे लपवून काय करायचे?

पण प्रश्न येतो तो नाव परके असते तेव्हा. रोग जेव्हा एखाद्या मुलखात नव्याने येतो तेव्हा तो आपले नावही बरोबर घेऊन येतो, आणि त्या नावाला तिथल्या भाषेत मूळ नसते, नातलग नसतात. २००६ साली आमच्या भागात 'चिकुनगुन्या' आला तो असा.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवतो. त्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास घरोघर माणसे तापाने आडवी होऊ लागली. ताप चार दिवसांत उतरे, पण सांधे धरून राहत. मनगट वळेना, घोटा टेकेना, सकाळी अंथरुणातून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागे. वर्तमानपत्रांतून नाव आले आणि बघता बघता त्याचे 'चिकनगुनिया' झाले. भाषाशास्त्रात याला लोकव्युत्पत्ती म्हणतात: अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचा आधार देऊन तो आपलासा करणे. योगायोग असा की त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता आणि लाखो कोंबड्या मारून पुरल्याची दृश्ये सर्वांनी दूरदर्शनवर पाहिली होती. कोंबडी आणि रोग ही जोडी मनात तयारच होती. तेव्हा 'चिकन'पासून होतो तो 'चिकनगुनिया', हे अनुमान तर्कदृष्ट्या इतके सुबक होते की त्याला कोणी पुरावा मागितला नाही. अनेक घरांतून कोंबडी बंद झाली. आणि ज्या घरांत ती मुळातच शिजत नव्हती, ती घरे निश्चिंत झाली. दोघांच्याही न्हाणीघरातले पाणी मात्र होते तिथेच होते.

या समजुतीला आम्ही अज्ञान म्हणणार नाही. माणूस शब्दात अर्थ शोधतो; तो सापडला नाही तर तयार करतो. साहित्याचे विद्यार्थी म्हणून आपण कवितेत याच वृत्तीचे कौतुक करतो. दोष असलाच तर तो असा, की नाव आले पण नावाचा अर्थ कोणी सांगितला नाही. 'चिकुनगुन्या' हा शब्द पूर्व आफ्रिकेतील मकोंडे लोकांच्या भाषेतला. अनेक ठिकाणी तो स्वाहिली म्हणून छापला जातो, ते बरोबर नाही. त्याचा अर्थ साधारणपणे 'वाकवून टाकणारा', 'वेडावाकडा करणारा' असा सांगतात. १९५२-५३ मध्ये तेव्हाच्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, मकोंडे पठारावर ही साथ प्रथम नोंदली गेली आणि रोग्यांची वाकलेली आकृती पाहून तिथल्याच लोकांनी वापरलेला शब्द वैद्यकाने उचलला. म्हणजे हे नावही आपल्या हिवतापासारखे लक्षणातून आलेले, सामान्य माणसाने दिलेले होते. त्याचे मराठी भाषांतर 'वाकडा ताप' असे सहज झाले असते, आणि त्यात कोंबडीला शिरायला जागा राहिली नसती.

रोग आम्हाला 'नवा' वाटला खरा. पण तो नवा होता का? १९७३ साली आमच्याच जिल्ह्यात, बार्शीला, चिकुनगुन्याची मोठी साथ येऊन गेली होती. त्याआधी १९६३ मध्ये कोलकात्यात आणि पुढच्या वर्षी चेन्नईत तो येऊन गेला होता. बार्शीनंतर सुमारे बत्तीस वर्षे तो देशात दिसेनासा झाला आणि २००५ च्या अखेरीस आंध्र व कर्नाटकातून परतला. २००६ या एका वर्षात देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. विषाणूची जात आता निराळी होती; पूर्वी आशियाई वाण होता, आता आफ्रिकेकडचा. पण डास तोच होता, आणि भांडीही तीच. बत्तीस वर्षे म्हणजे एक पिढी. पटकीच्या आणि प्लेगच्या आठवणी आपल्याकडे ओव्यांत, नवसांत, मरीआईच्या देवळांत टिकून राहिल्या. कारण त्या साथींनी घरेच्या घरे रिकामी केली. चिकुनगुन्या सहसा मारत नाही, केवळ वाकवतो. आणि जे केवळ वाकवते त्याची लोकस्मृतीत नोंद होत नाही, असा काहीसा निष्ठुर नियम दिसतो.

त्या वर्षी महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना गावोगाव पाठवायचे ठरले आणि घोषवाक्ये लिहिण्याचे काम साहजिकच मराठी विभागाकडे आले. आरोग्य खात्याकडून आलेला मजकूर आमच्यासमोर होता: 'डासोत्पत्ती स्थाने नष्ट करा', 'परिसर स्वच्छ ठेवा', 'पाणी साचू देऊ नका', 'आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा'. या शेवटच्या वाक्यावर मुले हसली. 'ड्राय डे' म्हणजे दारूची दुकाने बंद असण्याचा दिवस, एवढेच त्यांना ठाऊक. पण हसणे ओसरल्यावर आम्ही त्या मजकुराकडे एखाद्या उताऱ्याकडे पाहावे तसे पाहू लागलो. यातली क्रियापदे कोणाला उद्देशून आहेत? 'परिसर' म्हणजे नेमके कुठे? आणि 'जनजागृती' हा जो एकूण उपक्रमाचा मथळा, त्यात जन झोपलेले आहेत आणि आपण जागे आहोत, असे गृहीत नाही का? गंमत म्हणजे हा डास दिवसा चावतो, सकाळच्या पहिल्या काही तासांत आणि सूर्यास्तापूर्वी अधिक. हिवतापाने आपल्याला रात्रीची मच्छरदाणी शिकवली. हा मात्र जाग्या आणि कामात असलेल्या माणसालाच गाठतो.

मुलांबरोबर आम्ही एका गावात घरोघर फिरलो. एका ओसरीत ओळीने तीन रांजण, एक प्लास्टिकचे पिंप आणि हंडे-घागरी मांडलेल्या होत्या. मुलांनी पाठ केलेले वाक्य म्हटले, पाणी साचू देऊ नका. घरातल्या म्हाताऱ्या आजी शांतपणे म्हणाल्या, "आवं गुरुजी, साचल्यालं पानी गटारीत असतंय. हे म्या साठीवल्यालं हाय."

आम्ही एवढी वर्षे प्रयोजक आणि अकर्तृक क्रियापदे शिकवत आहोत. त्या धड्याला याहून नेमके उदाहरण आम्हाला मिळालेले नाही. 'साचणे' हे आपोआप घडते. त्याला कर्ता नाही, हेतू नाही; आणि म्हणून त्यात थोडी किळस आहे. पाणी साचते, घाण साचते, कचरा साचतो. 'साठवणे' याला कर्ता लागतो, कष्ट लागतात, दूरदृष्टी लागते. धान्य साठवतात, पैसा साठवतात, पाणी साठवतात. एक निष्काळजीपणाचे लक्षण, दुसरे संसारी माणसाच्या शहाणपणाचे. भिंतीवर 'साचलेले पाणी' असे वाचणारी बाई मान डोलावते, गटारीकडे बोट दाखवते आणि स्वतःचे रांजण त्या वाक्यातून निर्दोषपणे वगळते. तिने वाक्य नीट वाचलेले असते. वाक्यच चुकीच्या ठिकाणी नेणारे असते.

कारण एडिस इजिप्ती ही जी पायांवर पांढरे पट्टे असलेली मादी आहे, तिला गटार नको असते. तिला हवे असते ते घरातले, सावलीतले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी, म्हणजे अगदी आजींनी गाळून भरलेले. ती अंडी घालते ती पाण्यावर नव्हे, तर पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या ओलसर भिंतीला चिकटवून. पाणी ओतून दिले तरी अंडी भिंतीला राहतात. कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. पुन्हा पाणी चढले की फुटतात. अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास आपल्या उष्ण हवेत साधारण आठ-दहा दिवसांचा. आणि हा डास फार दूर उडत नाही. शंभर-दोनशे मीटरच्या परिसरातच त्याचे आयुष्य जाते. म्हणजे आपल्याला चावलेला डास बहुधा आपल्याच किंवा शेजारच्या भांड्यात जन्मलेला असतो. तेव्हा भांडे 'रिकामे करा' हा सल्ला अर्धा आहे. 'घासा' हे खरे क्रियापद.

आता त्या गावाचे गणित पाहा. नळाला पाणी आठ दिवसांनी येई. डासाला लागतात आठ-दहा दिवस. जवळजवळ सारख्या मापाची ही दोन चक्रे एकाच रांजणात फिरत होती. पाणी आले की जुन्यावर नवे भरायचे. कारण शिल्लक पाणी फेकणे हे त्या भागात अन्न फेकण्याइतकेच पाप. त्यामुळे रांजण वर्षभरात कधीही पूर्ण रिकामा होत नसे. कोरडा दिवस शुक्रवारी की रविवारी, याला तिथे काही अर्थ नव्हता. ज्यांच्याकडे चोवीस तास पाणी असते त्यांनी आखलेला दिवस, ज्यांच्याकडे आठ दिवसांनी पाणी येते त्यांच्या दारावर लावलेला होता.

आजींच्या ओसरीवर बसूनच मुलांनी यावर विचार केला. रांजणात पाणी सर्वांत कमी कधी असते? नळ येण्याच्या आदल्या दिवशी. तेव्हा घासायचा दिवस तोच. तळाशी उरलेले पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घागरीत घ्यायचे, पिण्याला नको वाटले तर धुण्याला किंवा गुरांना वापरायचे. फडक्यात अडकलेल्या अळ्या उन्हात झटकायच्या. रांजणाची आतली भिंत काथ्याने खरवडून घासायची. आणि दुसऱ्या दिवशी पाणी भरले की तोंडावर जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे फडके घट्ट बांधायचे. मोठ्या हौदाला घासणे जमत नाही. तिथे गप्पी मासे सोडायचे, ते अळ्या खातात. हे सगळे सांगून झाल्यावर आमच्या एका विद्यार्थिनीने पाटीवर लिहिले: 'उद्या पाणी, आज घासणी'. त्यात 'डासोत्पत्ती' नव्हती, 'निर्मूलन' नव्हते, आज्ञार्थी क्रियापदही नव्हते. आमच्या मते त्या वर्षी विभागात झालेले ते सर्वांत चांगले लेखन. गावातल्या शाळेच्या भिंतीवर ते पुढे पुष्कळ दिवस होते, आणि नळाच्या आदल्या संध्याकाळी रांजण घासल्याचा आवाज काही घरांतून येऊ लागल्याचे मुलांनी पुढच्या फेरीत ऐकले.

सगळ्याच घरांतून मात्र तो आला नाही, आणि त्याचे कारण भाषेत नव्हते. त्या आजींची सून आतल्या खोलीत पडून होती. तिचा ताप जाऊन महिना झाला होता. पण मनगटे सुजलेली, बोटे मिटत नव्हती. रांजण घासायचा कोणी? पुरुषांनी, असे उत्तर मुलींनी लगेच दिले आणि मुलगे गप्प बसले. 'नागरिकांनी दक्षता घ्यावी' या वाक्यातला नागरिक कागदावर सर्वांना सामावून घेतो. पण ओसरीवर आला की तो बाईच होतो. पाणी तिने भरायचे, तिनेच गाळायचे, तिनेच घासायचे. आणि साथ आली की निष्काळजीपणाचा ठपकाही तिनेच सोसायचा. ज्या रोगाने तिची मनगटे धरली त्याच्या प्रतिबंधाचे सारे ओझे आपण त्याच मनगटांवर ठेवतो. घोषवाक्याला एवढे पेलत नाही. तिथे नळाला रोज पाणी यावे लागते.

पुढे वाचताना मकोंडे पठाराची माहिती हाती आली तेव्हा आम्ही काही वेळ थांबलो. त्या पठारावर भूपृष्ठावर पाणी जवळजवळ नाही. बायका दूरच्या दऱ्यांतून पाणी वाहून आणत आणि घरात साठवून ठेवत. म्हणजे या रोगाला नाव मिळाले तेच मुळी पाणी साठवावे लागणाऱ्या माणसांमध्ये. टांगानिकातील ती झोपडी आणि सोलापूरची ती ओसरी यांच्यात अर्धशतक आणि एक समुद्र आहे; पण रांजण एकच.

मात्र केवळ पाणीटंचाईच्याच मुलखात हा रोग जातो असे समजण्याचे कारण नाही. २००७ साली इटलीच्या एमिलिया-रोमान्या प्रांतात, कास्तिल्योने दी चेर्विया आणि नदीपलीकडचे कास्तिल्योने दी रावेन्ना या खेड्यांत लोक अचानक ताप आणि सांधेदुखीने आजारी पडू लागले. युरोपात चिकुनगुन्याची स्थानिक साथ यापूर्वी कधी झाली नव्हती. शोध घेता केरळातून आलेल्या एका प्रवाशापर्यंत धागा पोहोचला. रुग्ण दोनशेच्या वर गेले. तिथे वाहक होता एडिसचाच भाऊबंद, आशियाई टायगर डास, जो जुन्या टायरांच्या व्यापारातून १९९० च्या सुमारास इटलीत उतरला होता. टायरात पावसाचे पाणी, पाण्यात अंडी, आणि टायर जहाजात. त्या खेड्यांतील लोकांनी सुरुवातीला नदीच्या प्रदूषणावर, परदेशी स्थलांतरितांवर संशय घेतल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. आम्हाला त्यात काहीच परके वाटले नाही. आपल्याकडे पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत नेत आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडत. रोग बाहेरून येतो, बाहेर घालवायचा असतो. यात अर्धे सत्य आहेच. विषाणू प्रवासीच असतो. पण त्याला अंगणात घेणारा डास आपला, घरचा असतो, आणि त्याला शिवेबाहेर सोडता येत नाही.

सुसान सोंटॅग यांनी १९७८ मध्ये 'इलनेस ॲज मेटाफर' या पुस्तकात, क्षय आणि कर्करोग यांच्याभोवती जमलेल्या रूपकांतून रोगाला मोकळे करावे असा आग्रह धरला. आमच्याकडच्या फलकांवर मात्र 'डासांविरुद्ध युद्ध' चालूच आहे. युद्धाच्या रूपकाला धूर लागतो, यंत्र लागते, गणवेशातला माणूस लागतो. म्हणून धूर फवारणारी गाडी गल्लीत आली की सगळ्यांना काहीतरी घडल्यासारखे वाटते. धुराने उडते डास काही काळ कमी होतात. रांजणातल्या अळ्यांना त्याचा पत्ताही नसतो. रांजण घासण्यात वीरश्री नाही. ते सारवणासारखे, शेवयांसारखे, निरूपक काम आहे. दर आठवड्याला तेच आणि तसेच. कदाचित म्हणूनच आपल्या साहित्यात साथ आहे, मृत्यू आहे, भुताखेतांचे गाडे आहेत. पण घासलेला रांजण नाही.

आज हे लिहिताना नव्या मुलखांची यादी वाढली आहे. २०२१ च्या जुलैमध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण सापडला; २०२४ मध्ये पुणे शहरात अनेक रुग्ण निघाले. झिका हे युगांडातल्या एका जंगलाचे नाव. बेलसरच्या माणसाने त्यातून काय अर्थ काढावा? गर्भातल्या बाळाला त्यापासून धोका असतो, ही सांगण्याची पहिली गोष्ट त्या नावात कुठेच नाही. नेपाळात डेंगीची पहिली नोंद २००४ ची. २०२२ मध्ये तिथे पन्नास हजारांवर रुग्ण झाले. फ्रान्सने २०२५ च्या उन्हाळ्यात चिकुनगुन्याचे शेकडो स्थानिक रुग्ण पाहिले. डासच नसलेला देश म्हणून ज्याचे नाव घेतले जाई त्या आइसलँडमध्येही २०२५ च्या ऑक्टोबरात पहिले डास सापडले; ती जात या रोगांची वाहक नव्हे, हे खरे, पण दार उघडते आहे.

या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी फलक लिहिणार आहे. तो लिहिणारा बहुधा वैद्यकाचा माणूस असेल आणि त्याच्या हाताशी भाषेचा माणूस नसेल. आमचे साहित्याच्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे आहे, की आपल्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात जा, तिथला मजकूर मागून घ्या आणि तो घेऊन चार घरांच्या ओसरीवर बसा. कोणत्या शब्दावर वाचणारी व्यक्ती स्वतःला वगळते, ते टिपून घ्या. त्या शब्दाच्या जागी तिचाच शब्द लिहा. याला गुण मिळणार नाहीत, शोधनिबंधही होणार नाही. पण साथ येते ती वाक्याच्या अशाच फटीतून, हे आम्ही पाहिले आहे.